सुटे बटरस्कॉच चिप्स: ओट्स कुकीसाठी घ्यावेत का?

नाशिकमध्ये केक मटेरियलच्या दुकानात नुसतं ‘बटरस्कॉच’ मागितलं तर चिप्स, नट्स आणि इसेन्स यांतलं काहीही हातात पडू शकतं. ओट्स कुकीला चिप्सच हवेत. नट्स म्हणजे साखरेच्या कडक पाकात काजू घालून केलेला चुरा. आइस्क्रीमवर तो झकास लागतो, पण ओव्हनमध्ये ती साखर वितळून बाहेर येते आणि कुकी बटर पेपरला चिकटून बसते.

सुटे मिळणारे चिप्स बहुतेक कंपाउंडचे असतात: साखर, वनस्पती फॅट, दूध पावडर, रंग, स्वाद. लोणी आणि ब्राउन शुगर एकत्र शिजल्यावर येणारी बटरस्कॉचची खरी चव त्यांत नसते. ती पिठातूनच आणावी लागते, म्हणून ब्राउन शुगरऐवजी सगळी पांढरी साखर घालून भागत नाही.

प्रमाण असं: बटर ११५ ग्रॅम, ब्राउन शुगर ८०, पांढरी साखर ४०, अंडं १, मैदा ९०, रोल्ड ओट्स १३०, चिप्स १२० ग्रॅम, खायचा सोडा आणि दालचिनी पूड अर्धा-अर्धा छोटा चमचा. बटर खारं असेल तर वरून मीठ नको. अंडं चालत नसेल तर ३ मोठे चमचे दूध घाला, कुकी जरा ठिसूळ होईल. इन्स्टंट ओट्स मात्र अजिबात घेऊ नका, ते ओलावा पिऊन लगदा होतात आणि दाताखाली काहीच लागत नाही.

बटर बोटाने दाबलं की खड्डा पडावा, पण तेलकट चकाकू नये. नाशिकच्या मे महिन्यात ते बघता बघता पातळ होतं आणि कुक्या ट्रेभर पसरून एकमेकींना चिकटतात. त्यामुळे मळलेलं पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच. तेवढ्यात ओट्सही ओलावा शोषतात. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १८० अंशांवर १० मिनिटं तापवून मधल्या जाळीवर ११ ते १२ मिनिटं भाजा. कडा तांबूस आणि मधला भाग अजून कच्चा वाटतोय, तेव्हाच बाहेर काढा. ५ मिनिटं ट्रेवरच राहू द्या, तिथेच ती घट्ट होते. मधला भाग कडक होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर कुकी दगड होते. ट्रेवर ठेवलेल्या पिठाच्या गोळ्याच्या तळाशी उघडा राहिलेला चिप ट्रेला लागून जळतो आणि कडू लागतो, म्हणून भाजण्याआधीच तळाचे चिप्स आत दाबून ३-४ वरून लावा.

चिप्स घेताना पुडी हलवून बघा. दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. गठ्ठा झाला असेल तर माल उन्हात वितळून पुन्हा गोठलाय. पांढुरकी झाक म्हणजे बुरशी नव्हे, वर आलेलं फॅट असतं, पण असा माल टाळूला मेणचट लागतो. एक दाणा मागून चाखायला लाजू नका.

तर घ्यावेत का? हो, पण पाव किलोच, आणि ओळखीच्या, भरपूर खप असलेल्या दुकानातून. नुसत्या चिप्सची कुकी गोडमिट्ट वाटत असेल तर ८० ग्रॅम चिप्स आणि ४० ग्रॅम नाशिकचा बेदाणा घ्या. त्याचा आंबटपणा गोडी कापतो. फक्त बेदाणा कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवून, कोरडा पुसून मगच घाला. कोरडाच घातलात तर वर आलेला दाणा जळून कडक होतो.