वाळा की गांडूळ-सरडा?
फ्लोरिडात माती उकरताना वीतभर काहीतरी वळवळलं, तर आधी रंग बघा. काळसर, चकचकीत, टिंबांएवढे डोळे? मग तो आपल्याकडचाच वाळा, कुंड्यांच्या मातीतून तिथे पोचलेला साप. सगळ्या माद्याच, पिलांसाठी नर लागतच नाही, त्यामुळे एकटीही नवी वस्ती उभी करते.

गुलाबी, अंगभर गांडुळासारखी वळी, डोळे कातडीखाली गडप? तो तिथलाच गांडूळ-सरडा. पाय नाहीत, तरी साप नव्हे. फावड्यासारख्या तोंडाने रेताड जमीन पोखरतो आणि चपट्या, खडबडीत शेपटीने मागचं बीळ बुजवतो! वाळ्याचा भर मुंग्या-वाळवीच्या अंड्या-अळ्यांवर. हा गांडुळंही गट्ट करतो. ऱ्हिन्युरिडी कुळात आज हा एकटाच उरलाय. दोघांत माझी पसंती यालाच.