फ्रेंच शाळेतलं मूल आणि अस्पष्ट उच्चार: प्रश्नावली बरी की चित्रचाचणी?

माँट्रियल किंवा पॅरिसमधल्या मराठी घरात मूल तीन-चार वर्षांचं झालं की हा घोळ सुरू होतो. शाळेतल्या बाई म्हणतात, बोलणं समजत नाही. आजी व्हिडिओ कॉलवर म्हणते, "होईल नीट, याचा काकाही उशिराच बोलला." पुष्कळदा आजीचंच खरं ठरतं, पण तपासून घ्यायला काही बिघडत नाही. तपासायचं कशाने, हा खरा प्रश्न.

सगळ्यात सोपा पर्याय पालकांच्या प्रश्नावलीचा. तिचं नाव 'इंटेलिजिबिलिटी इन कॉन्टेक्स्ट स्केल'. ऑस्ट्रेलियातल्या शॅरिन मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. फ्रेंचसह अनेक भाषांत ती फुकट मिळते. प्रश्न सातच: मुलाचं बोलणं तुम्हाला कळतं का, घरच्यांना, नातेवाइकांना, मित्रांना, ओळखीच्यांना, शिक्षकांना आणि अनोळखी माणसाला? प्रत्येकाला १ ते ५ गुण (५ म्हणजे नेहमी कळतं) आणि शेवटी सरासरी. पाच मिनिटांत काम होतं. खोट एकच: कान आई-बाबांचे. मुलाच्या बोबड्या बोलांची त्यांना इतकी सवय झालेली असते की ते डोळे झाकून पाचावर खूण करतात. म्हणून सरासरीपेक्षा मी शिक्षक आणि अनोळखी माणूस या दोन ओळी आधी बघेन. शिवाय मूल नेमकं कुठे अडतंय, हे या कागदावरून कळत नाही.

ते कळतं चित्रचाचणीत. मूल चित्रांची नावं सांगतं, तपासणारा प्रत्येक आवाज टिपतो. शब्दच माहीत नसेल तर तपासणारा तो म्हणून दाखवतो आणि मूल मागून म्हणतं. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलासाठी ही सोय मोलाची आहे. इथे फ्रेंचचा स्वभाव माहीत हवा. चार वर्षांचं मूल 'शापो'ला (टोपी) 'सापो' म्हणालं तर घाई नको, कारण श आणि झ्य हे आवाज फ्रेंच मुलांमध्ये उशिराच बसतात. 'गातो'चा (केक) 'तातो' होत असेल, किंवा 'पाँतालों'मधला (पँट) पहिला तुकडाच गळून 'तालों' उरत असेल, तर मात्र मी त्या वयात लक्ष देईन. उच्चारदोष असलेल्या फ्रेंचभाषक मुलांमध्ये अख्खं अक्षर किंवा व्यंजन गाळण्याच्या चुका इंग्रजीभाषक मुलांपेक्षा जास्त दिसल्या आहेत. त्यामुळे इंग्रजी चाचणीचं नुसतं भाषांतर करून चालत नाही. फ्रेंचमधले लांब शब्द त्यात असावेच लागतात.

आणि फ्रेंच तरी कुठली? क्वेबेकमध्ये (माँट्रियलचा प्रांत) 'त्यु'तला ('तू') त मोठी माणसंही 'चाक'मधल्या च सारखा काढतात, आणि 'ताब्ल'चा (टेबल) 'ताब' तर सर्रास होतो. फ्रान्सच्या कानाने गुण दिले तर धडधाकट मूल नापास! क्वेबेकच्या मुलांची स्वतंत्र मोजमापं आहेत: अँड्रिया मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २० ते ५३ महिन्यांच्या १५६ मुलांच्या व्यंजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ ची मॅकगिल विद्यापीठातली फ्रेंच उच्चार-चाळणी (चाळणी म्हणजे झटपट प्राथमिक तपासणी) मात्र शाळेच्या पहिल्या वर्षांतल्या मुलांवर बेतलेली आहे, तीन वर्षांच्या मुलाला ती लावू नये.

फ्रान्समध्ये डॉक्टर आणि बालआरोग्य केंद्रं 'ई-आर-टी-एल-४' ही चार वर्षांच्या मुलांची चाळणी वापरतात. ती पटकन होते, पण एकूण भाषेची आहे; उच्चार हा तिचा एक भाग. शाळेतून आपसूक झाली तर होऊ द्या. शंका फक्त उच्चारांचीच असेल तर तिच्यावर थांबू नका.

मराठी घराने काय करावं? माझ्या मते आधी प्रश्नावलीच, पण दोनदा भरा: एकदा मराठीसाठी, एकदा फ्रेंचसाठी. मराठीत आजीला आणि शेजाऱ्यांनाही सगळं कळतं, अडतं फक्त फ्रेंचमध्ये, तर बहुधा फ्रेंच कानावर कमी पडलंय. घशातून येणाऱ्या फ्रेंच र ऐवजी आपला खणखणीत र येणं, हा घरच्या भाषेचा ठसा आहे, दोष नव्हे. मराठीतही बाहेरच्यांना कळत नसेल तर चित्रचाचणीसाठी थेट ऑर्थोफोनिस्तकडे, म्हणजे तिथल्या स्पीच थेरपिस्टकडे जा. सरकारी रांग लांब असते, म्हणून नाव आजच घाला. फ्रान्समध्ये खर्चाची भरपाई हवी असेल तर आधी डॉक्टरची चिठ्ठी विचारून घ्या.

मधल्या काळात कानांची तपासणी उरकून टाका. सारखी सर्दी आणि कानात पाणी साठणाऱ्या मुलाला आवाजच धड ऐकू येत नसतील, तर वरच्या कुठल्याही चाचणीचे गुण वाचून उपयोग नाही. आणि भेटीच्या वेळी एक प्रश्न जरूर विचारा: "या चाचणीचे गुण कुठल्या मुलांवरून ठरवले आहेत, आणि कोणत्या वयाच्या?"