डायलचं विमान की ग्लास कॉकपिट: सीपीएलचे पहिले तास कशावर घ्यावेत?

शिरपूर, धुळे, जळगाव, कुठेही फ्लाइंग स्कूलला प्रवेश घेताना फी आणि होस्टेल सगळेच विचारतात. विमानात डायल आहेत की स्क्रीन (म्हणजे ग्लास कॉकपिट), हे क्वचित कोणी विचारतं. सीपीएलच्या (व्यावसायिक पायलट परवान्याच्या) 200 उड्डाण तासांतले पहिले 40-50 तास हात घडवतात, म्हणून विचारा.

डायलच्या सेस्ना 172 मध्ये दिशा दाखवणारा जायरो (फिरत्या चाकावर चालणारं उपकरण) हळूहळू सरकतो. दर 15 मिनिटांनी, विमान सरळ आणि समतल ठेवून, तो होकायंत्राशी जुळवायचा. विसरलात की तापीच्या भलत्याच वळणावर निघाल. ग्लासमध्ये ही कटकट नाही. जायरो फिरवणारा व्हॅक्यूम पंप गेला तर डायलवरचं क्षितिज सावकाश कलतं आणि नवखा त्याच्यामागे विमानही कलवतो. स्क्रीनवर बिघाड झाला की सरळ लाल फुली येते. हे प्रामाणिक खरं, पण मग छोट्या स्टँडबाय (राखीव) उपकरणांवर उडायचं, आणि त्याचा सराव कोणी केलेला असतो?

ग्लासचा मोठा तोटा स्क्रीनवरच्या वेगाच्या पट्टीत आहे. पुढच्या 6 सेकंदांत वेग किती होईल हे दाखवणारी रेघ दिसली की विद्यार्थी तिचाच पाठलाग करतो. नाक कुठे आहे हे काचेबाहेर बघायचं राहूनच जातं. मे महिन्यात हे महागात पडतं. 44 अंशांत हवा विरळ होते, म्हणून समुद्रसपाटीपासून 800 फुटांवरची धावपट्टी विमानाला साडेचार हजार फुटांवर असल्यासारखी वाटते. फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) 65 नॉट दिसत असताना खरा वेग 70 च्या घरात असतो. जमीन भरभर मागे पळते, मुलगा घाबरून नाक उचलतो, वेग गळतो. काळ्या रानावरून उठणारे गरम हवेचे झोत त्यात भर घालतात.

अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेच्या 2010 च्या अभ्यासात ग्लासच्या छोट्या विमानांचे एकूण अपघात कमी, पण प्राणघातक अपघातांचं प्रमाण जास्त निघालं. 2009 मध्ये एअर फ्रान्स 447 च्या पिटो ट्यूबमध्ये (वेग मोजणाऱ्या नळीत) बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, नाक वर ओढलेलंच राहिलं. स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) 228 जण गेले.

आमचा कौल: सोलो (एकट्याने उड्डाण) आणि पहिलं क्रॉस-कंट्री (दुसऱ्या विमानतळापर्यंतचं उड्डाण) डायलवर, इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडायचे) तास ग्लासवर. एअरलाइनला शेवटी स्क्रीनच आहे. संस्थेत फक्त ग्लास असेल तर सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत) वेगाच्या पट्टीवर कागद चिकटवून उडवतात का, ते विचारा.

आणि हँगरमध्ये चक्कर मारा. उभ्या विमानांच्या पिटो ट्यूबवर कव्हर आहे ना? कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते. मग डायल काय, स्क्रीन काय, दोन्ही वेग चुकीचाच दाखवणार.