मिनीडिस्क प्लेअर, दहा महिन्यांनंतर: गाणी आत जातात, बाहेर येत नाहीत

आधी हे सांगतो की यंत्र मला आवडतं. ७ सेंटीमीटरच्या आसपासची ती चौकोनी डिस्क, ती आत सरकवताना होणारा खट्ट आवाज, एका सेलवर कितीतरी तास चालणं, यातल्या कशाबद्दलही तक्रार नाही. तक्रार आहे ती यूएसबीच्या वायरीबद्दल.

मिनीडिस्क म्हणजे प्लास्टिकच्या चौकोनी डबीतली, पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करता येणारी छोटी डिस्क. सोनीने ती १९९२ मध्ये आणली. यूएसबीने कम्प्युटरला जोडता येणारा तिचा अवतार म्हणजे नेटएमडी, तो २००१ चा. माझा पोर्टेबल रेकॉर्डर नेटएमडी आहे आणि वापरलेला घेतलाय. कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. नेटएमडी बनवणाऱ्या कंपन्या एकाहून जास्त होत्या आणि पुढचं रडगाणं त्या सगळ्या प्रकाराचंच आहे.

घ्यायचं कारण साधं होतं. माझ्याकडे बासरीच्या रियाजाच्या २६ जुन्या डिस्क पडून होत्या. तेव्हाचा रेकॉर्डर कधीच मेला. मनात हिशेब असा की यूएसबीवाला घ्यायचा, डिस्क घालायची, वायर जोडायची आणि सगळं कम्प्युटरवर ओढून घ्यायचं. पेन ड्राइव्हची सवय लागलेल्या माणसाला दुसरं काही सुचणारही नाही.

पहिल्याच संध्याकाळी कळलं की यंत्राबरोबरच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कवरच्या ट्रॅकची यादी दिसते, नावं दिसतात, लांबी दिसते, पण ते इकडे घ्यायचं बटणच नाही. मी तासभर मेनू उलटेपालटे केले. मग माहितीपुस्तिका नीट वाचली. नेटएमडीमध्ये आवाज कम्प्युटरकडून डिस्ककडे जातो, उलटा येत नाही. मायक्रोफोन लावून स्वतः वाजवलेलं, स्वतःच रेकॉर्ड केलेलं असलं तरी नाही. रियाज माझा, बासरी माझी, डिस्कही माझी, आणि यंत्र मात्र मलाच चोर समजून दारात उभं.

आता आत जाणाऱ्या गाण्यांची गंमत. एखादं गाणं डिस्कवर पाठवलं की त्याला म्हणायचं ‘चेक-आउट’. प्रत्येक गाण्याच्या वाट्याला तीन चेक-आउट. चौथ्या डिस्कवर तेच गाणं हवं असेल तर आधीच्या एखाद्या डिस्कवरचं ‘चेक-इन’ करून परत द्यायचं, तेही ज्या कम्प्युटरवरून गेलं त्याच कम्प्युटरला. वाचनालयातल्या पुस्तकासारखं. फरक एवढाच की इथे पुस्तकं माझी, कपाट माझं आणि पावती फाडणारा मात्र तिऱ्हाईत.

हा तीनचा आकडा हवेतून आलेला नाही. १९९८ च्या अखेरीस रेकॉर्ड कंपन्या आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या एकत्र येऊन एसडीएमआय नावाचा मंच उभा राहिला. पोर्टेबल प्लेअरसाठी त्यांनी १९९९ मध्ये जे नियम काढले त्यात ही तीन प्रतींची कल्पना होती. मंच दोन-तीन वर्षांत थंडावला, पण नियम माझ्या यंत्रात अजून जिवंत आहे. मूळ माणसं उठून गेली आणि पहारेकरी तिथेच उभा, असला प्रकार.

तिसऱ्या महिन्यात एक डिस्क भावाला दिली. त्याने स्वतःच्या रेकॉर्डरवर ती सरळ पुसून दुसरं काहीतरी भरलं. झालं, त्या डिस्कवरच्या सगळ्या गाण्यांचा एकेक चेक-आउट कायमचा गेला. डिस्क परत आली, गाणी परत येण्याचा प्रश्नच नव्हता. चिडून मी त्या गाण्यांची सीडी पुन्हा रिप केली, म्हणजे गाणी कम्प्युटरवर नव्याने उतरवून घेतली, तर नव्या नोंदीला पुन्हा तीनच्या तीन चेक-आउट! म्हणजे कुलपाशेजारीच किल्ली टांगलेली. ज्याला खरंच शंभर प्रती काढायच्यात तो दहा मिनिटांत काढेल. सरळ मार्गाने वापरणाराच अडकून पडतो.

आणखी एक. कम्प्युटरवरून पाठवलेला ट्रॅक रेकॉर्डरवर तोडता येत नाही, दुसऱ्याला जोडता येत नाही. ट्रॅक संरक्षित आहे, एवढं सांगून यंत्र गप्प. मिनीडिस्कची खरी मजाच ती होती, प्रवासात बसल्या बसल्या ट्रॅक कापायचे, क्रम बदलायचे. माइकवरून घेतलेल्या ट्रॅकवर हे सगळं अजूनही मस्त चालतं. यूएसबीने आलेला ट्रॅक मात्र सोवळ्यातला.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. जुनं आहे, मूळ ड्रायव्हर (यंत्राची कम्प्युटरशी ओळख करून देणारा प्रोग्राम) जुन्या ३२-बिट विंडोजचा, त्यासाठी एक म्हातारा लॅपटॉप वेगळा ठेवावा लागला. त्या लॅपटॉपची विंडोज एकदा नव्याने टाकली तेव्हा सॉफ्टवेअरने स्वतःच्या फॉरमॅटमध्ये साठवलेली गाणी उघडेनात, कारण त्यांचं कुलूप जुन्या विंडोजशी बांधलेलं. सीड्या माझ्याच कपाटात होत्या म्हणून वाचलो. ज्यांनी तेव्हा गाणी ऑनलाइन विकत घेतली असतील त्यांचं काय झालं असेल याचा विचार नको वाटतो.

हे फक्त मिनीडिस्कवाल्यांच्याच नशिबी होतं असं नाही. १९९८ च्या रिओ पीएमपी३०० या एमपीथ्री प्लेअरवर अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला होता. १९९९ मध्ये निकाल प्लेअरच्या बाजूने गेला, कम्प्युटरवरची गाणी सोबत नेता यावीत म्हणून प्लेअरवर घेणं हा वैयक्तिक वापर आहे असं न्यायालयाने म्हटलं. पण त्या निकालातच हेही नमूद आहे की रिओवरून गाणं परत कम्प्युटरवर चढवता येत नाही. एकेरी रस्ता तिथेही होताच. पुढे ॲपलच्या आयट्यून्समध्ये विकत घेतलेली गाणी पाच कम्प्युटरपुरती बांधलेली असत. ते कुलूप २००९ मध्ये निघालं. मिनीडिस्कमध्येही २००४ ला हाय-एमडी ही सुधारित पद्धत आली आणि माइकचं रेकॉर्डिंग कम्प्युटरवर घेता येऊ लागलं, पण ते हाय-एमडी पद्धतीने केलेलं असेल तरच. माझ्यासारख्या जुन्या रेकॉर्डिंगवाल्यांना दार उघडलं ते २००६ च्या सोनी एमझेड-आरएच१ ने. हे मॉडेल आज वापरलेलं घ्यायला गेलात तर त्याचा रुबाब वेगळाच असतो, आणि आता कळलंच असेल का.

मग मी काय केलं? जे सगळे करतात तेच. हेडफोनच्या भोकातून वायर काढून कम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या भोकात, घातली, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि प्ले दाबलं. ७४ मिनिटांची डिस्क, ७४ मिनिटं बसायचं. मोनोमध्ये (एकाच चॅनेलवर, म्हणून दुप्पट मावतं) भरलेली असेल तर १४८. आवाजाची पातळी जमायला चार डिस्क गेल्या. तार सप्तकातले सूर फाटत होते, कमी केलं तर खालच्या सुरांखाली सरसर ऐकू यायची. यंत्रातला बास वाढवणारा पर्याय चालू राहिला होता हे सहाव्या डिस्कला लक्षात आलं, त्या सहाही परत. ट्रॅकच्या खुणा येत नाहीत, नावं येत नाहीत; पुन्हा हाताने कापायचं, पुन्हा टाइप करायचं. सात महिन्यांत १७ डिस्क झाल्या.

(जाता जाता: रेकॉर्डिंग थांबवल्यावर पडद्यावर ‘टीओसी’ लुकलुकत असेल तर बॅटरीला हात लावू नका. डिस्कवरची अनुक्रमणिका तेव्हा लिहिली जात असते. ती लिहून झाली नाही की रेकॉर्डिंग गेलं. माझा एक पूर्ण तास असा गेलाय.)

आठव्या महिन्यात वेब मिनीडिस्क सापडलं. हौशी मंडळींनी बनवलेलं, क्रोम ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर त्याआधी ड्रायव्हर बदलून विनयूएसबी हा विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर करावा लागतो, तेवढं एकदा केलं की झालं. चेक-आउट नाही, तीनचा आकडा नाही, गाणी ओढून टाका आणि पाठवा. तो म्हातारा लॅपटॉप त्याच दिवशी निवृत्त केला. याच्या प्रो आवृत्तीत काही मॉडेलांच्या फर्मवेअरमधली (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमधली) फट वापरून डिस्कवरचा मूळ डेटा जसाच्या तसा बाहेरही काढता येतो. फक्त काही मॉडेलांच्या. माझं त्यात नाही. मित्राकडे धूळ खात पडलेलं एक निघालं, ते मागून आणलं.

आधी केलेलीच एक डिस्क मुद्दाम पुन्हा काढून बघितली. ट्रॅक सुटे, नावं जागच्या जागी, एफएफएमपेग या फॉरमॅट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने साधी वेव्ह फाइल करून ऐकलं तर ती सरसर नाही. म्हणजे इतके महिने मी सरसर रियाजाच्या खोलीतली समजत होतो ती माझ्या वायरीची होती.

घ्यावं का? ऐकायला आणि माइकवर रेकॉर्ड करायला हवं असेल तर जरूर घ्या, वेब मिनीडिस्कमुळे आज ते पूर्वीपेक्षा सुखाचं आहे. जुन्या डिस्क रिकाम्या करायला घेत असाल तर मॉडेल क्रमांक बघितल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. विकणारा ‘यूएसबी आहे’ म्हणाला याचा अर्थ गाणी बाहेर येतात असा होत नाही. मी तेवढंच ऐकून घेतलं होतं.

उरलेल्या ९ डिस्क मित्राच्या यंत्रावर काढतोय, आणि आधीच्या १७ ही पुन्हा. त्याला अजून सांगितलेलं नाही की यंत्र परत यायला वेळ लागेल.