मोनो की स्टीरिओ? रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी

मोनो म्हणजे आवाजाचा एकच चॅनल, स्टीरिओ म्हणजे डावा आणि उजवा असे दोन. माणूस एक आणि माइक एक असेल तर मोनो. पॉडकास्ट, कथावाचन, ऑनलाइन शिकवणी सगळं यात आलं. दोन माइक एकाच वेळी लागणार असतील किंवा कीबोर्डला डावं-उजवं असे दोन आउटपुट असतील, तरच स्टीरिओचा विचार करा. स्टीरिओ ट्रॅकवर एकच माइक घेतला की दोनांपैकी एक होतं. तोच आवाज दोनदा साठतो, नाहीतर एक बाजू कोरी राहते. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट वेव्ह फाइलचा हिशेब मोनोला मिनिटाला साधारण 5.3 एमबी आणि स्टीरिओला दुप्पट, म्हणजे तासाला 318 विरुद्ध 635. पण आज डिस्कची जागा हे खरं कारण नाही. खरा वेळ जातो तो नंतरच्या दुरुस्तीत.

आवाज एकाच कानात येत असेल तर आधी ट्रॅककडे बघा. स्टीरिओ ट्रॅकची वरची पट्टी डावी, खालची उजवी. दोन्ही पट्ट्यांत लहर दिसत असेल तर रेकॉर्डिंग ठीक आहे, दोष हेडफोनचा किंवा अर्धवट घुसलेल्या पिनेचा. खालची पट्टी सपाट असेल तर कारण वेगळं आहे. दोन इनपुटच्या यूएसबी इंटरफेसमध्ये (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) 1 नंबर म्हणजे डावं आणि 2 नंबर म्हणजे उजवं, आणि विंडोजला ते दोन्ही मिळून एकच स्टीरिओ उपकरण दिसतं, म्हणून माइक फक्त 1 मध्ये असला की उजवी बाजू कोरी राहते. मॅकवर गॅरेजबँड या रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये ट्रॅकला फक्त ‘इनपुट 1’ द्या. ओबीएस या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या माइकच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये ‘मोनो’वर टिक करा.

ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ‘रेकॉर्डिंग चॅनल्स 1’ निवडलं की बहुतेकदा काम होतं, पण इथे एक खोच आहे. काही ड्रायव्हर दोन्ही इनपुटांची सरासरी काढून मोनो बनवतात. दुसरं इनपुट रिकामं असल्याने पातळी निम्मी होते, म्हणजे 6 डेसिबलने खाली. मग गेन (माइकची पातळी वाढवणारं बटण) वाढवत नेला तर लहर 0.5 च्या रेषेवरच चपटी होते आणि मीटर मात्र लाल होत नाही! असं दिसलं तर मोनोचा हट्ट सोडा. 2 चॅनलवर रेकॉर्ड करा, ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टीरिओ टू मोनो’ करा आणि रिकामा ट्रॅक उडवा.

सगळ्यात फसवी चूक केबलची. एक्सएलआर (माइकचं तीन पिनांचं टोक) ते 3.5 मिमी (हेडफोनसारखी पिन) अशी तयार केबल घेतली आणि तिच्यात 2 नंबरची पिन टोकाला, 3 नंबरची मधल्या रिंगला जोडलेली असली, तर स्टीरिओ इनपुटला डावी-उजवी बाजू एकमेकींच्या उलट फेजमध्ये मिळते, म्हणजे एकीची लहर वर तेव्हा दुसरीची खाली. हेडफोनवर आवाज पोकळ पण चालून जाण्यासारखा वाटतो. तीच फाइल एका स्पीकरच्या मोबाइलवर लावली की बोलणारा जवळजवळ गायब. ट्रॅक झूम करा: वरची लहर चढते तिथे खालची उतरत असेल तर हाच रोग. केलेलं रेकॉर्डिंग वाचवायला एक चॅनल काढून टाका. पुण्यात तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नवी केबल करून घेताना स्पष्ट सांगा, की 2 नंबरची पिन टोक आणि रिंग दोन्हींना, 1 आणि 3 मागच्या भागाला डाग देऊन हवी. मात्र 48 व्होल्ट फॅन्टम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागणारा कंडेन्सर माइक अशा केबलवर चालणार नाही, त्याला इंटरफेसच हवा.

लॅपटॉपच्या एकाच जॅकमधून खरा स्टीरिओ येईल ही आशा सोडा. त्यात माइकसाठी एकच संपर्क असतो. पिनेवरचे काळे पट्टे मोजा: तीन असतील तर हेडसेटची पिन, दोन असतील तर लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि मिक्सरचा आवाज आतच येत नाही. डेस्कटॉपच्या मागचं निळं भोक लाइन-इन, ते स्टीरिओ असतं. गुलाबी माइकचं, त्यात मिक्सर लावला तर आवाज फाटतो.

दोघांच्या गप्पा हे मधलं प्रकरण. रेकॉर्ड दोन चॅनलवर करा, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यावर बसला तरी कापता येतो. मग दोन मोनो ट्रॅक करून दोघांनाही मधोमध आणा, नाहीतर श्रोत्याच्या डाव्या कानात यजमान आणि उजव्या कानात पाहुणा.

स्टीरिओचं चीज होतं ते तबला-डग्ग्यावर. एकसारखे दोन कंडेन्सर माइक, तोंडं जवळजवळ चिकटलेली, मधला कोन 90 अंश. आवाज दोघांपर्यंत एकाच वेळी पोचतो, म्हणून नंतर मोनो केलं तरी नाद बिघडत नाही. माइक लांब-लांब ठेवले तर आजूबाजूचा आवाज जास्त येतो आणि मोनोत काही स्वर पातळ पडतात. शिवाय पेठेतल्या रस्त्याकडच्या खोलीत हा आवाज म्हणजे हॉर्न, आणि गणपतीआधी नदीकाठी सराव करणारी ढोल-पथकं! तिथे एक माइक जवळ ठेवून मोनोच बरं. जोडी लावलीच, तर वादन सुरू होण्याआधी फक्त डग्ग्यावर एक थाप मारून मीटर बघा. तबलजींच्या समोर बसलेल्या श्रोत्याला डग्गा उजवीकडे दिसतो. मीटरवर डावी बाजू जास्त उडाली तर इंटरफेसवरच्या दोन केबली आत्ताच अदलाबदल करा.