८७८ डॉलरचा गोल्फ-सेट: आठ महिन्यांनंतर

आधी हिशोब. सहा आयर्नचा (मधल्या अंतराच्या फटक्यांचे क्लब) सेट ३४० डॉलर, ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा) १३०, पाच नंबरचा वुड आणि एक हायब्रिड (हेही लांब फटक्यांचेच) मिळून ९५, तीन वेज (हिरवळीजवळच्या छोट्या, उंच फटक्यांच्या) १७०, पटर (चेंडू भोकाकडे ढकलायचा) १०, बॅग ४०, नव्या ग्रिप (मुठीत धरायचं रबर) ६३. शिवाय पहिल्या फसलेल्या खरेदीत बुडाले ते ३०. एकूण ८७८. वेज आणि ग्रिप सोडल्या तर सगळं दुसऱ्याचं वापरलेलं. मार्चपासून आत्ता नोव्हेंबरपर्यंत याच तेरा काठ्यांवर खेळलो (म्हणजे क्लब; घरात त्यांना काठ्याच म्हणतात). ३१ राउंड झाले. सरावाच्या रेंजवर किती बादल्या चेंडू मारले ते मोजणं मेमध्येच सोडलं. न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे दुकानं सगळी इकडची आहेत.

मी मूळचा पुण्याचा. येरवड्याला पूना क्लबच्या गोल्फ कोर्सचं कुंपण लहानपणी बाहेरून भरपूर पाहिलंय. आतल्या माणसांचा आणि आपला काही संबंध नाही, अशी तेव्हा ठाम समजूत होती. इथे आल्यावर कळलं की काउंटीचे सार्वजनिक कोर्स असतात, तिथे आपल्यासारखाच माणूस शनिवारी अर्धी चड्डी घालून येतो आणि झाडीत चेंडू हरवतो. उरला प्रश्न सामानाचा. नवा ड्रायव्हर म्हणजे एकट्याचेच सहाशे डॉलर. आयर्नचा नवा सेट हजाराच्या वर. ‘हौसेला मोल नाही’ हे म्हणणाऱ्याने गोल्फचं दुकान पाहिलेलं नसावं.

जुनं सामान घ्यायची मला लाज नाही. बाबांबरोबर रविवारी जुन्या बाजारात सायकलचे पार्ट हुडकायला जायचो. चाक हातात घेऊन फिरवायचं, कान लावायचा, आस बघायचा आणि मगच भाव विचारायचा, हे तिथेच शिकलो. गोल्फच्या बाबतीत मात्र मी भाव आधी विचारला.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शेजारच्या गावातल्या एका गृहस्थाकडून ऑनलाइन जाहिरात बघून १४० डॉलरला आयर्न उचलले. चांगल्या कंपनीचे, चकाचक, भाव पडलेला. घरी आलो तेव्हा मी स्वतःवर भयंकर खूश होतो. शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, ‘एस’ लिहिलेलं होतं, म्हणजे स्टिफ, कडक. ज्याचा स्विंग वेगवान त्याला तो शाफ्ट. वर त्या गृहस्थांची उंची सव्वासहा फूट, म्हणून शाफ्ट अर्धा इंच वाढवून घेतलेले. मी पाच फूट चार इंच आणि स्विंग म्हणाल तर अंगणात सडा घातल्यासारखा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. चेंडू एक तर जमिनीलगत सरपटायचा, नाही तर उजवीकडच्या तळ्यात. डिसेंबरपर्यंत कोपर दुखायला लागलं. मला वाटायचं मीच वाईट खेळतो. ते होतंच, पण निम्मं पाप त्या शाफ्टचं होतं. जानेवारीत तो सेट ११० ला विकला, एका उंच माणसाला. तो अजून खूश आहे.

त्या ३० डॉलरमध्ये शिकलो ते असं. हेडचा, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या ठोकळ्याचा, धातू सहसा म्हातारा होत नाही. ग्रिप होते, वेजच्या खाचा होतात आणि मॉडेलचं नाव तर दर जानेवारीत होतं, कारण मोठ्या कंपन्या नवी मॉडेलं साधारण त्याच सुमाराला काढतात आणि कालपर्यंतचा ‘क्रांतिकारी’ ड्रायव्हर रातोरात मागच्या रॅकवर जातो. ड्रायव्हरच्या हेडचा आकार नियमाने ४६० घनसेंटिमीटरच्या वर नेता येत नाही, चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) किती ‘उसळी’ देतो त्यालाही मर्यादा आहे. म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वीचे ड्रायव्हर त्याच कमाल रेषेला टेकलेले होते. नव्यात फरक आहे, नाही असं नाही. चेंडू मधोमध लागला नाही तर नवा जरा जास्त सांभाळून घेतो. पण त्या सांभाळून घेण्यासाठी साडेचारशे डॉलर जास्त द्यायचे की त्या पैशात शिकवणी लावायची, हा माझ्यापुरता प्रश्न नव्हता.

हे नियम ठरवणारी यूएसजीए ही संस्था माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, लिबर्टी कॉर्नरला आहे. तिथे त्यांचं एक संग्रहालयही आहे. अपोलो १४ मोहिमेत १९७१ साली अॅलन शेपर्डने चंद्रावर ज्याने चेंडू मारला तो क्लब तिथे ठेवलाय. मातीचे नमुने गोळा करायच्या अवजाराच्या दांड्याला सहा नंबरच्या आयर्नचं हेड लावलेलं. जाड स्पेससूटमुळे बिचाऱ्याला एकाच हाताने मारावं लागलं. माझ्या सेटबद्दल कुणी नाक मुरडलं की मी हेच उदाहरण फेकतो.

आता खरेदी कुठे केली ते.

आयर्न घेतले गोल्फ गॅलेक्सीच्या दुकानातल्या जुन्या मालाच्या रॅकवरून. सगळ्यात मोठा फायदा असा की जुना क्लबसुद्धा आत जाळीत मारून बघता येतो आणि पडद्यावर वेग, उंची, अंतर दिसतं. मी तीन शनिवार गेलो. तिसऱ्या शनिवारी विक्रेत्या मुलाने मला बघून नुसती मान डोलावली. शेवटी २०१७ चे पिंग जी४०० घेतले, पाच नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत, रेग्युलर शाफ्ट. पिंगच्या जुन्या मालाचं एक फार बरं आहे. हेडवर रंगीत ठिपका असतो, त्यावरून क्लब जमिनीवर किती उभा किंवा आडवा टेकतो ते कळतं. काळा ठिपका म्हणजे प्रमाण, लाल म्हणजे जरा आडवा. माझ्यासारख्या बुटक्याला लाल. शिवाय सीरियल नंबर कोरलेला असतो, तो कंपनीला कळवला की मुळात कुठल्या मापाने बनवला होता ते सांगतात. म्हणजे जुन्या वस्तूची जन्मपत्रिका मिळते. (पिंग हे नाव त्यांच्या पहिल्या पटरच्या आवाजावरून पडलं. त्यानंतर मी दुकानात प्रत्येक पटर कानाशी नेऊन वाजवायला लागलो, तेव्हा बायको दुसऱ्या गल्लीत निघून गेली.)

जुन्या आयर्नच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. आकडा सारखा म्हणजे क्लब सारखा नव्हे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा सात नंबर ३५ अंशांच्या आसपास तिरका असायचा, माझा ३० च्या आसपास आहे. मित्राचा त्याच्या काकांकडून आलेला सेट आणि माझा शेजारी ठेवले तर त्याचा सहा नंबर हा साधारण माझा सात. तो बरेच दिवस स्वतःला अशक्त समजत होता.

ड्रायव्हर कॅलवेच्या स्वतःच्या प्री-ओन्ड साइटवरून, ‘रोग’ नावाचं २०१८ चं मॉडेल. कंपनीनेच तपासून विकलेला म्हणून जिवाला घोर नव्हता. वुड आणि हायब्रिड सेकंड स्विंग या जुन्या क्लबांच्या साइटवरून. तिथे प्रत्यक्ष त्याच नगाचे फोटो असतात, ओरखड्यासकट, ही गोष्ट मला फार आवडली. नाहीतर ‘व्हेरी गुड’ या शब्दाचा अर्थ दुकानागणिक बदलतो. एका दुसऱ्या ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘व्हेरी गुड’ म्हणून मागवलेला हायब्रिड हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा, आत डिंकाचा तुकडा सुटलेला. परत पाठवला, पोस्टेज माझंच आणि पैसे यायला तीन आठवडे. तेव्हापासून परतीची अट आधी वाचतो, फोटो नंतर बघतो.

खाजगी माणसाकडून घ्यायचं तर आधी पीजीए व्हॅल्यू गाइड या साइटवर त्या मॉडेलची बदली किंमत, म्हणजे दुकान तो जुना क्लब घेताना काय देईल ते, बघावी. घासाघीस करायला खाली पाय ठेवायला जमीन मिळते. आणि खिशात चुंबक ठेवावा. हसू नका. एका पार्किंगमध्ये एक जण मला तेव्हाचा अगदी ताजा टायटॅनियम ड्रायव्हर १५० ला देत होता. अक्षरं किंचित जाड वाटली. फ्रिजवरचा चुंबक, गणपतीचा होता, सहज चेहऱ्याला लावला तर टक्कन बसला. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. तळाच्या वजनाच्या स्क्रूला चिकटला तर हरकत नाही, पण चेहऱ्याला चिकटला तर नमस्कार करून निघावं. मी तेच केलं. गणपतीला घरी परत जागेवर लावला.

पटरची गोष्ट सोपी आहे. गल्लीतल्या गराज सेलमध्ये एका आजींनी दहा डॉलरला दिला. आजोबांचा होता म्हणाल्या. नवी ग्रिप घातली आणि झालं. माझ्या सगळ्या सामानात आज सर्वात भरवशाचा तोच आहे.

वेज मात्र नव्याच घ्याव्यात, हे माझं स्पष्ट मत. वेज वाळूत, खडीत, ओल्या गवतात घासली जाते आणि तिचं सगळं काम चेहऱ्यावरच्या खाचांवर चालतं. खाचा झिजल्या की चेंडू हिरवळीवर पडून थांबायचा सोडून पाहुण्यासारखा पुढे पुढे जातो. कॉस्टको या मोठ्या दुकानसाखळीच्या स्वतःच्या किर्कलंड ब्रँडच्या वेज तीन मिळून १७० ला मिळाल्या: ५२, ५६ आणि ६० अंश. जुन्या नावाजलेल्या वेज सुट्या घेतल्या असत्या तरी तेवढेच पैसे गेले असते. ५६ ची रोज वापरतो. ६० च्या वेजने मी आजवर फक्त स्वतःच्या डोक्यावरून चेंडू मागे मारलाय, त्यामुळे ती बॅगेत शोभेला असते.

चेंडूही कॉस्टकोचेच. दोन डझन ३५ डॉलरच्या आसपास पडतात, तर टायटलिस्ट प्रो व्ही१ चा एकच डझन पन्नासच्या वर जातो. किर्कलंडचा चेंडूही तीन थरांचा आणि वरून युरेथेनचा. २०१६ साली किर्कलंडचा पहिला चेंडू (तो चार थरांचा होता) आला तेव्हा इतका खपला की टायटलिस्टची मूळ कंपनी आणि कॉस्टको कोर्टात समोरासमोर उभ्या राहिल्या, पुढे आपसात मिटवलं. मला आठ महिन्यांत फरक जाणवला तो इतकाच की वेजच्या फटक्याने त्याची साल जरा लवकर ओरबाडते. तळ्यातून काढून धुऊन विकलेले चेंडूही वापरले. नुसते धुतलेले चांगले निघाले. पण नव्याने रंग दिलेले घेऊ नका, रंगाखाली काय दडलंय ते समजत नाही. जो राउंडला चार चेंडू हरवतो त्याने यापेक्षा जास्त विचार करू नये.

ग्रिप घरीच बदलल्या. नऊ क्लब, एकेक सात डॉलर. जुनी ग्रिप कापायची, चिकटपट्टी खरवडायची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी नवी पट्टी गुंडाळायची, मिनरल स्पिरिट ओतायचं आणि न घाबरता एका दमात ग्रिप आत ढकलायची. पहिली अर्ध्यात अडकली, तिथेच सुकली, कापून फेकली. (दुकानाने एक जास्तीची दिली होती, त्याचे आभार.) ग्रॅफाइटच्या शाफ्टवर पाते चालवताना हात हलका ठेवा, शाफ्टला चीर गेली तर सात डॉलरची बचत शंभराला पडेल. गराजमध्ये दोन दिवस वास होता. पण खरं सांगतो, जुना सेट नवा झाल्यासारखा वाटला तो त्या दिवशी.

आता झीज. ड्रायव्हरच्या माथ्यावर माझ्या कर्तृत्वाच्या पांढऱ्या रेघा आहेत, क्लब चेंडूच्या खालून गेला की चेंडू तिथे घासतो. फटक्यावर त्याचा परिणाम नाही, विकताना होईल. आठ नंबरच्या आयर्नची हेडजवळची काळी प्लॅस्टिकची रिंग वर सरकली होती, हेअर ड्रायरने गरम करून खाली बसवली. पिंगचे चेहरे जसेच्या तसे. बॅगेची चेन जुलैमध्ये तुटली. बॅग नवी घेतली असती तर बरं झालं असतं, दोन्ही खांद्यांचा पट्टा नसलेली बॅग अठरा होल वाहणं म्हणजे हमाली आहे. बूट नवेच घेतले, ते हिशोबात धरले नाहीत कारण ते मी भाजी आणायलाही घालतो.

पुण्यातला भाऊ विचारतोय, तिकडे नेता येईल का? येईल. सामानासकट बॅग बारा-पंधरा किलो भरते, तेवीसच्या आत बसते. ड्रायव्हरचं हेड काढून मोज्यात गुंडाळून कपड्यांत ठेवा आणि कस्टमचं आधी बघून घ्या. पण नवशिक्याने एवढा खटाटोप करूच नये. डेकॅथलॉनमध्ये त्यांच्या इनेसिस ब्रँडचे क्लब मिळतात, चार-पाच नगांवर वर्ष काढावं. नियमाने चौदा क्लब नेता येतात म्हणून चौदा न्यायचे, असं काही नाही.

या सगळ्यात एक मोठं भोक आहे आणि ते मला सप्टेंबरमध्ये कळलं. बायको म्हणाली, मलाही खेळून बघायचंय. ती डावखुरी आहे. जुन्या मालाच्या रॅकवर उजव्या हाताचे दोनशे क्लब असतील तर डाव्या हाताचे दहा, आणि तेही सहा फुटी पुरुषांचे. बायकांच्या मापाचा, हलक्या शाफ्टचा, डावखुरा सेट मी दोन महिने शोधतोय. तीन साइटवर सूचना लावून ठेवल्यात. माझी सगळी हुशारी उजव्या हाताची होती म्हणायची. काल रात्री पहिली सूचना आली: पेनसिल्व्हेनियात एका बाईंकडे डावखुरा सात नंबर आहे, एकच, नऊ डॉलर. जायला दीड तास. बायको म्हणते, पेट्रोल धरून हिशोब सांग. शनिवारी सकाळी निघतोय. चुंबक लागणार नाही, पण मोजपट्टी घेतली आहे.