ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, फ्रीकॅड: फिरवायला कोण सोपं, निवडायला कोण

गिअरबॉक्सच्या हाउसिंगवर झाकण बसलंय आणि आतल्या बेअरिंग सीटचा, म्हणजे बेअरिंग बसतं त्या जागेचा, फेस (पृष्ठभाग) निवडायचाय. एवढ्या कामात तिन्ही कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायच्या, प्रोग्रॅमची परीक्षा होते.

फिरवण्यात सॉलिडवर्क्स सरळ पुढे आहे. माऊसचं चाक दाबून ओढलं की मॉडेल फिरतं. त्याआधी एखाद्या एजवर (कडेवर) किंवा फेसवर चाकानेच क्लिक केलं, तर मॉडेल त्याच्याभोवती फिरतं. झूम करून बोअरपाशी (बेअरिंगच्या भोकापाशी) गेल्यावर हीच सोय लागते, नाहीतर जरासा हात हलला की बोअर स्क्रीनबाहेर. झाकणही काढावं लागत नाही. त्यावर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट अदर’ घ्या, मागच्या फेसची यादी उघडते. यादीवर कर्सर नेला की तो तो फेस उजळतो. फसगत एकच: चुकून ‘एक्स’ दाबलं गेलं की फक्त फेस निवडणारा फिल्टर लागतो आणि एज काही केल्या हाती येत नाही. कर्सरशेजारी फनेल (फिल्टरचं नरसाळ्यासारखं चिन्ह) दिसलं तर एफ६ दाबा.

ऑटोकॅडमध्ये शिफ्ट धरून चाक ओढायचं. ड्रॉइंग जड असेल तर आधी हवे तेवढे ऑब्जेक्ट निवडा. फिरवताना तेवढेच दिसतात आणि अडखळणं थांबतं. एकगठ्ठा निवडीत मात्र ऑटोकॅडचा हात धरणारा नाही. डावीकडून उजवीकडे निळी चौकट काढली तर पूर्ण आत आलेलंच निवडलं जातं. उलट्या दिशेने हिरवी काढली तर नुसतं शिवलेलंही येतं. बटण दाबून ठेवून ओढलंत तर चौकटीऐवजी लासो (मोकळ्या हाताने काढलेला वेढा) सुरू होतो, म्हणून क्लिक करून बोट सोडा. दुसरं ऑब्जेक्ट निवडताच पहिलं सुटत असेल तर पिकॲड नावाचं सेटिंग शून्यावर गेलंय, ते २ करा. फेससाठी झाकण ‘हाइड ऑब्जेक्ट्स’ने लपवून कंट्रोल धरून क्लिक करा.

फ्रीकॅड फुकट आहे, पण बसल्या बसल्या एक सेटिंग बदलाच: प्रेफरन्सेस, डिस्प्ले, नेव्हिगेशन, तिथे रोटेशन मोड ‘ड्रॅग ॲट कर्सर’. मग मॉडेल कर्सरखालच्या जागेभोवती फिरतं. चाक नसलेल्या लॅपटॉपवर ‘जेश्चर’ स्टाइल बरी, डाव्या बटणाने ओढलं की फिरतं. स्केचमध्ये मात्र त्यासोबत ऑल्ट धरावं लागतं. चौकटीने निवडायला शिफ्ट+बी. झाकण ट्रीमध्ये (मॉडेलच्या भागांच्या यादीत) निवडून स्पेस दाबा, ते लपतं, सीट मोकळी होते. पुन्हा स्पेस, झाकण परत.